पाइनचे रान, हेदरचा माळ आणि सायकलची वाट



आजचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काही श्रोत्यांनी भुवया उंचावल्या असतील, याची मला कल्पना आहे. राज्यकारभार, शिक्षण, अर्थकारण असे भारदस्त विषय या व्यासपीठावरून मांडले जात असताना, रानावनातून मजेखातर सायकल हाकण्याच्या वाटा हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे कुणी विचारले तर तो प्रश्न मी रास्तच मानीन. माझे उत्तर एवढेच की, माणसाच्या कामाचा विचार सगळेच समाज करतात, कारण त्यावाचून त्यांचे चालत नाही. माणसाच्या फावल्या वेळाचा विचार मात्र थोडेच समाज करतात. आणि जे करतात, त्यांना त्यासाठी किती खटाटोप करावा लागतो, हे पाहण्याजोगे असते.

उदाहरणासाठी मी एकच प्रांत निवडला आहे. बेल्जियम देशाच्या ईशान्य कोपऱ्यात लिम्बुर्ख नावाचा प्रांत आहे. तेथील लोकांची भाषा डच. या प्रांताचा मोठा भाग केंपन या रेताड प्रदेशात मोडतो. तिथे सायकलवर बसून निघालात की काही वेळ दोन्ही बाजूंना पाइनची सरळसोट झाडे लागतात. हिमालयात ज्याला चीड म्हणतात, त्याच कुळातले हे झाड. तांबूस सालीचे, सुयांसारख्या पानांचे. वाटेवर त्या सुयांचा थर पडलेला असतो आणि हवेत राळेचा वास असतो. मग एकाएकी रान संपते आणि उघडा माळ सुरू होतो. हा माळ आपल्या माळरानासारखा गवताचा नव्हे. त्यावर हेदर नावाचे गुडघाभर उंचीचे झुडूप दाटलेले असते, आणि ऑगस्ट महिन्यात ते फुलले म्हणजे क्षितिजापर्यंत जांभळा रंग पसरतो. हेदरच्या या माळाला इंग्रजीत हीथ म्हणतात. आपण त्याला नुसता माळ म्हणू.

असे दृश्य पाहिले की कुणीही म्हणेल, निसर्गाने या लोकांना किती भरभरून दिले आहे! आणि इथेच पहिली फसगत आहे. कारण तो माळ निसर्गाने दिलेला नाही, आणि ते रानही नाही. दोन्ही माणसाच्या हातची करणी आहे.

प्रथम माळाचे पाहू. एके काळी तिथे ओक आणि बर्च यांचे रान होते. शेतकऱ्यांनी ते तोडले, जाळले आणि मोकळ्या जागेवर मेंढ्या चारल्या. जमीन मुळातच रेताड. ती आणखी निकस झाली, आणि निकस जमिनीतही तग धरणारे हेदर तिथे फोफावले. आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात आणि त्यांच्या लेंडीखतावर पीक घेतले जाते, हे आपल्याला ठाऊक आहे. केंपनच्या शेतकऱ्यानेही तोच धडा वेगळ्या रीतीने गिरवला. तो माळावरची हेदर मुळांसकट आणि मातीच्या थरासकट कापून आणी, ती मेंढवाड्यात अंथरी, आणि लेंडीखताने मुरलेले ते सारे अंथरूण पुढे शेतात नेऊन टाकी. म्हणजे माळाचा कस काढायचा आणि तो शेताला द्यायचा. शतकानुशतके हे चालले, म्हणून माळ माळच राहिला. मेंढीचे तोंड आणि शेतकऱ्याचे फावडे थांबले असते, तर तिथे पुन्हा झाडे उगवली असती.

मग ती तशी थांबली. 1847 साली बेल्जियम सरकारने पडीक जमिनी लागवडीखाली आणण्याचा कायदा केला. गावांच्या सामाईक माळांवर त्याने दडपण आले. ते विका किंवा लागवडीला आणा, असा त्याचा रोख होता. पुढे रासायनिक खते आली आणि मेंढवाड्याच्या खताची गरज उरली नाही. रेताड माळावर दुसरे काय येणार? पाइन येतो. तेव्हा ओळीओळीने पाइन लावला गेला. 1901 साली आंद्रे द्युमों यांना आस या गावाजवळ जमिनीच्या पोटात कोळसा सापडला, आणि या पाइनला एक नवे गिऱ्हाईक मिळाले. खाणीतील बोगद्यांचे छत तोलून धरायला लाकडी टेकू लागत. त्या कामी पाइनचे लाकूड खाणकामगारांना प्रिय होते, त्याला एक कारण आहे. भार असह्य झाला की ते मोडण्याआधी करकरते. त्या करकरण्याने माणसाला पळून जायला चार क्षण मिळतात. आज ज्या झाडांच्या सावलीतून लोक सुट्टीच्या दिवशी सायकली हाकतात, त्या जातीचे झाड तिथे एवढ्या संख्येने का आले, त्याचे उत्तर बऱ्याच अंशी जमिनीखालच्या त्या अंधारात आहे.

हा रानाचा आणि माळाचा इतिहास झाला. पण नुसते रान असून भागत नाही. त्यात हिंडायला वेळ हवा, आणि वेळ हीसुद्धा आपोआप मिळणारी गोष्ट नव्हे. दिवसभर खाणीत राबणाऱ्याला माळ फुलला काय आणि सुकला काय! बेल्जियममध्ये आठ तासांच्या दिवसाचा कायदा 1921 साली झाला. 1936 च्या जून महिन्यात तिथे मोठा संप झाला आणि त्याच वर्षी कामगाराला वर्षातून सहा दिवस पगारी रजा देणारा कायदा आला. सहा दिवस! आपल्याला ते आज थोडे वाटतील. परंतु न राबता मजुरी मिळण्याचे ते पहिले सहा दिवस होते. फावला वेळ ही दयेने मिळालेली वस्तू नाही. ती लढून मिळवलेली आहे, हे विसरून चालणार नाही.

आता तिसरी गोष्ट, वाट. लिम्बुर्खमध्ये एकंदर सात खाणी होत्या. दूरदेशीचे लोक, इटालियन, पोलिश, ग्रीक, तुर्की, मोरोक्कन, तिथे कामाला आले आणि स्थायिक झाले. पुढे कोळशाचा धंदा बसला. झ्वार्टबर्खची खाण बंद करायचे ठरले, तेव्हा 1966 मध्ये दंगल उसळली आणि दोन माणसे प्राणाला मुकली. उरलेल्या पाचही खाणी 1987 ते 1992 या काळात एकामागून एक बंद पडल्या, शेवटची झोल्डरची. ज्या प्रांताचे पोट कोळशावर होते, त्याने आता काय करावे? मागे उरले होते काय, तर टाकाऊ दगडमातीचे डोंगर, टेकूंसाठी वाढवलेली राने आणि कुठे कुठे टिकून राहिलेला जांभळा माळ.

याच प्रांतात ह्यूगो बोलेन नावाच्या एका खाण-अभियंत्याने एक साधी युक्ती मांडली, आणि 1995 च्या सुमारास ती तिथे प्रत्यक्षात आली. युक्ती अशी: सायकलच्या वाटा जिथे एकमेकींना मिळतात, त्या प्रत्येक नाक्याला एक आकडा द्यायचा. नाक्यावर एक पाटी. तीवर त्या नाक्याचा आकडा आणि तिथून जवळच्या नाक्यांचे आकडे बाणांसह. झाले! सायकलस्वाराने घरून निघताना चिठ्ठीवर आकडे लिहून घ्यायचे आणि पाट्या पाहत जायचे. वाटाड्या नको, गावांची नावे पाठ नकोत. दमलात तर मधल्याच नाक्यावरून आखूड वाट धरा. उमेद असेल तर दोन नाके वाढवा. ठरावीक मार्ग माणसाला आपल्या मागून चालवतो. ही आकड्यांची जाळी त्याला आपला मार्ग आपण ठरवू देते. लिम्बुर्खमध्ये अशा वाटा सुमारे 2,000 किलोमीटर आहेत. पुढे हीच पद्धत उरलेल्या फ्लँडर्समध्ये आणि शेजारच्या नेदरलँड्समध्ये पसरली.

पुढे 2006 साली तिथे होखे केंपन नावाचे राष्ट्रीय उद्यान झाले. 2019 मध्ये हेख्टेल-एक्सेलच्या रानात 700 मीटर लांबीचा वर्तुळाकार पूल बांधला गेला. तो हळूहळू चढत जमिनीपासून दहा मीटर उंचीवर जातो, आणि सायकलस्वार चक्क पाइनच्या शेंड्यांमधून फिरतो. चढ इतका सौम्य की म्हाताऱ्या माणसालाही तो जाचू नये. 2021 मध्ये मासमेखेलेनजवळच्या माळावर सुमारे 300 मीटरांचा लाकडी सायकलपूल झाला. कोळसा गेलेल्या प्रांताने विरंगुळ्याच्या वाटांवर सार्वजनिक पैसा घातला, आणि त्या पाहायला दूरदूरचे लोक येऊ लागले.

इथवर सारे गोड आहे. परंतु या गोष्टीत एक पेच आहे, आणि तो सांगितल्याशिवाय मला थांबता येणार नाही. माळ आपोआप टिकत नाही, हे मी आधी सांगितले. आज शेतकऱ्याला त्याचे काम उरलेले नाही. वाऱ्यावर पाइनचे आणि बर्चचे बी येते आणि रुजते. मोटारींच्या धुरातून आणि गुरांच्या मोठमोठ्या गोठ्यांतून हवेत जाणारा नत्र पावसाबरोबर माळावर उतरतो. त्या फुकटच्या खतावर गवत माजते आणि हेदरचा श्वास कोंडतो. म्हणून आज निसर्गरक्षक मंडळी मुद्दाम मेंढ्यांचे कळप पोसतात, यंत्रांनी मातीचा वरचा थर खरवडून काढतात, आणि माळ परत आणण्यासाठी काही ठिकाणी पाइनची झाडेही तोडतात. झाडे तोडली की लोक चिडतात. रोज त्या सावलीतून जाणारा माणूस विचारतो, निसर्ग वाचवण्यासाठी झाडे तोडता, हा कुठला न्याय? दुसरा म्हणतो, ही झाडे कालपरवाची, खाणीसाठी लावलेली. माळावर मात्र शेकडो वर्षांचे पक्षी, सरडे, फुलपाखरे यांचे बिऱ्हाड आहे.

दोघांचेही म्हणणे मनाला पटते. मला यातला निवाडा करायचा नाही. तो त्या ठिकाणच्या लोकांनी, जागा पाहून करायचा आहे. मला एवढेच दाखवायचे आहे की, हा वाद ज्यांच्यात होतो ते लोक सुदैवी आहेत. त्यांचे रान त्यांच्या रोजच्या पायाखालचे आहे, म्हणून त्यांना त्याची काळजी आहे. ज्या माळावर कुणी फिरकत नाही, त्याच्यासाठी भांडायलाही कुणी येत नाही. त्याची किंमत काय, हे मग विकत घेणाराच ठरवतो.

म्हणून विरंगुळ्याची वाट ही मला चैनीची बाब वाटत नाही. तिच्यासाठी तीन गोष्टी लागतात: वेळ, रान आणि वाट. वेळ कामगारांनी लढून मिळवला. रान मेंढपाळांच्या आणि वनकामगारांच्या कष्टांनी घडले, आणि आजही कुणाच्या तरी कष्टांनीच टिकते आहे. वाट मात्र सर्वांनी मिळून, सर्वांच्या पैशाने आखावी लागते. यांतली एकही गोष्ट एकट्या श्रीमंताला आपल्यापुरती पुरी करता येत नाही, आणि तिन्ही जमल्या म्हणजे एका जुन्या सायकलीवर गरीबालाही त्यांचा तितकाच उपभोग घेता येतो. आपल्या गावाभोवती जे काही उघडे माळ, ओढे, टेकड्या अजून शिल्लक असतील, तिथवर एखादे मूल निर्धास्तपणे सायकलवर जाऊ शकते काय, एवढा प्रश्न प्रत्येकाने आपापल्या मनाशी विचारून पाहावा. त्याचे उत्तर 'नाही' असे येत असेल, तर ते मुलाचे किंवा सायकलीचे न्यून नव्हे. वाट आखणे हे ज्यांचे काम, त्या आपणा सर्वांचे आहे.