गाणं, चौक आणि वनहक्काचा दावा

(तालुका युवा शिबिरात केलेलं भाषण. जे पाडे शिबिराला येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी इथं देत आहोत. पाड्यावर मोठ्याने वाचून दाखवावं.)



मागच्या मोर्च्याच्या तयारीत काही पोरांनी विचारलं होतं, "दावे तालुक्याला पडून आहेत, फाईल हलत नाय, आणि आपण रात्र रात्र गाणी बसवतो, तारपा घेऊन फिरतो. याने जमीन नावावर होणार हाय का?" प्रश्न बरोबर आहे. आज त्यावरच बोलायचं आहे.

आपल्या पाड्यात 'कला' असा शब्द कुणी बोलत नाही. लग्न आलं की सवाशिणी भिंत सारवतात, गेरू लावतात, तांदळाचं पीठ पाण्यात कालवतात आणि चौक लिहितात. आपण चौक 'लिहितात' असंच म्हणतो. चौकात पालघाट देवी बसते, धवलेरी गाते, तेव्हा लग्न लागतं. भात झोडून झालं की तारपा वाजतो आणि सगळा पाडा एकमेकांच्या कमरेला धरून नाचतो. त्यात बघणारे वेगळे आणि नाचणारे वेगळे असं नसतं. राब भाजणं, आवणी करणं जसं गावाचं काम, तसंच हेही गावाचं काम.

आता हे बघा की या कामाला काय लागतं. तारप्याला वाळलेला भोपळा लागतो, बांबू लागतो, ताडाचं पान लागतं, मेण लागतं. चौकाला तांदूळ लागतो, आणि तांदळाला जमीन लागते. वनहक्क कायदा २००६ चा आहे. त्यात गौण वनउपज म्हणजे काय त्याची यादी दिली आहे. त्या यादीत बांबू आहे, मध आहे, मेण आहे. म्हणजे तारप्यासाठी बांबू तोडला म्हणून आपल्या माणसाला चोर म्हणायची सोय आता राहिली नाही. सामूहिक हक्काचा दावा टाकताना फक्त सरपण आणि चराई लिहून थांबू नका. तारप्याचा बांबू कुठून आणतो, मध कुठल्या कड्यावरून काढतो, तेही लिहा.

दुसरी गोष्ट पुराव्याची. आमच्या भागातल्या एका पाड्यात स्थळपाहणीला साहेब आले. म्हणाले, "किती वर्षं कसता? कागद दाखवा." दंडाच्या पावत्या होत्या, पण कुडाच्या घरात पावसाने त्यांचा लगदा झालेला. सगळे गप्प बसले. तेव्हा एक आजी उठली. देवाच्या कामाला घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घेतात, तशी तिने सुरुवातीपासून नावं घेतली. नवऱ्याचा आजा, पणजा, त्याचा बाप, आणि कोणाला कुठल्या झाडाखाली पुरलं तेही सांगितलं. मग म्हणाली, "चला, दाखवते." सगळे मागून गेले. वाघदेवाचा दगड दाखवला, जुनी विहीर दाखवली, मसणवट दाखवली. आपल्या एका पोरीने सगळं लिहून घेतलं, आजीने अंगठा दिला.

नियम १३ वाचा. वडीलधाऱ्यांचा लेखी घेतलेला जबाब हा पुरावा आहे. विहीर, दफनाची जागा, देवाची जागा हा पुरावा आहे. वंशावळ हाही पुरावा आहे. हे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू आहेत. तो दावा अजून मंजूर झालेला नाही, पण त्याच्यावर 'पुरावा नाही' असा शेरा मारायला जागा उरली नाही. शेजारच्या पाड्यात मात्र सगळी नावं पाठ असलेला म्हातारा भगत पावसाळ्यात गेला. कोणी त्याच्याजवळ वही घेऊन बसलं नव्हतं. तिथला दावा परत आला आहे. ही चूक दुसऱ्या कुणाची नाही, आपली आहे.

तिसरी गोष्ट जुन्या लढ्याची. १९४५ साली झरीच्या परिषदेत आपल्या आज्या-आजोबांनी ठरवलं की वेठ करायची नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड हुतात्मा झाला. तेव्हा आपल्यात लिहिता-वाचता येणारे फार थोडे. पाड्या-पाड्याला निरोप गेला तो तोंडानेच. ती हकीगत पुढे गोदावरी परुळेकर बाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिली म्हणून ती सगळ्या महाराष्ट्राला कळली. त्यांचे उपकार आहेत. पण आता आपली पोरं-पोरी शिकली आहेत. आत्ताच्या लढ्याची हकीगत आपणच लिहायची आणि आपणच गायची.

आता थोडं कडू बोलतो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी आपलं चित्र भिंतीवरून कागदावर नेलं, १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यानंतर आपली नाचणारी माणसं शहरात साड्यांवर, हॉटेलात, सरकारी भिंतींवर गेली. त्यावर आपल्यातली काही घरं चालतात, ते वाईट नाही. पण भिंतीवरचा वारली सगळ्यांना आवडतो, आणि तोच वारली प्लॉटवर नांगर धरून उभा राहिला की त्याला अतिक्रमणदार म्हणतात. आमचंच एक तारपा पथक एका साहेबांच्या स्वागताला गेलं होतं. उन्हात दोन तास नाचले, वडापाव खाऊन आले. त्याच आठवड्यात त्यातल्या दोघांना प्लॉट सोडायची नोटीस आली. तेव्हापासून आमच्या पाड्याने ठरवलं आहे की स्वागताला तारपा जाणार नाही. कुणाला ऐकायचा असेल त्याने भात झोडल्यावर पाड्यावर यावं, आमच्याबरोबर नाचावं, आणि दाव्याचं काय झालं ते सांगून जावं.

आणि आपल्या संघटनेतलंही बोललं पाहिजे. चौक बायांचा होता. चित्राला पैसा आला तेव्हा नावं बापयांची झाली. मोर्च्यात गाणी बाया म्हणतात, स्टेजवर माईक मात्र बापयांच्या हातात असतो. वनहक्क समितीत बाया आहेत, पण सहीपुरत्या. ज्या आजीने साहेबांना रान फिरवलं ती समितीत नव्हतीच.

म्हणून पुढच्या बैठकीच्या आत प्रत्येक पाड्याने तीन कामं करायची. एक, म्हाताऱ्या माणसांजवळ बसून नावं, जागा आणि गाणी वहीत उतरवायची. दोन, देवाच्या जागा, मसणवट, विहिरी, बांबूची बेटं यांचा नकाशा करून ग्रामसभेत वाचायचा आणि दाव्याला जोडायचा. तीन, धवलेरी आणि जाणत्या बाया समितीच्या कामात घ्यायच्या, बोलायला पहिली वेळ त्यांना द्यायची.

ज्या पोरांनी प्रश्न विचारला त्यांना आमचं उत्तर एवढंच. जमीन नावावर करायला दावा, ग्रामसभा आणि मोर्चा लागतो. पण दाव्यात लिहायचं काय, ते आजीच्या तोंडात आहे. ती आहे तोवर वही घेऊन जा.

जोहार! जिंदाबाद!