न भादरण्याचं काम



 या संमेलनाचा अध्यक्ष म्हणून आपल्या धंद्याबद्दलच्या तक्रारीकडे थेट वळतो.

मे महिना लागला की या चंडीगडात एकच फर्माईश येते, "हस्कीला झीरो मारून द्या." पुण्या-मुंबईतही तीच. पारा चढलेला असतो, मालकाच्या पोटात माया असते आणि आपल्या हातात मशीन. घात होतो तो इथेच.

हस्की, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर आणि इथून वर हिमाचलात मेंढरं राखणारा गद्दी, या सगळ्यांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा राठ, आतला लोकरी. उन्हाळ्याच्या तोंडावर आतला थर गळतो, वरचे केस ऊन अडवतात आणि खाली हवा खेळती राहते. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घाम काय तो पंजांच्या गाद्यांना. बाकी अंग गार होतं ते धापा टाकून. तेव्हा भादरलं की गार वाटेल, हा हिशेब माणसाचा. कुत्र्याची कातडी उघडी पडून भाजते, आणि पुढे केस येतात तेही कित्येकदा ठिगळाठिगळांनी.

अशा कुत्र्याला हवा असतो कंगवा. मागच्या पायांपासून धरायचं, एका हाताने केस वर उचलून धरायचे, खालून एकेक पदर मुळापर्यंत मोकळा करत पुढे सरकायचं. मेलेली लोकर पोतंभर निघते. मनगट भरून येतं. आणि एवढं करून कुत्रं दिसतं जवळपास होतं तसंच! त्यामुळे या कामाचे पैसे मागायला आपण कचरतो, आणि झटपट मशीन फिरवल्याचे मात्र बिनदिक्कत घेतो. दर जातीवर लावण्याची आपली पद्धतच मुळात चुकीची आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दर केसांच्या अवस्थेवर आणि लागणाऱ्या वेळेवर हवा. (आपल्या लातूर-सोलापूरकडच्या कारवान कुत्र्याला विचाराल तर त्याला ओलं फडकं पुरतं. तो आपला धंदा चालू देणार नाही.)

मशीन वाईट, असं मी म्हणत नाही. शिट्झू किंवा पर्शियन मांजर येतं, कानामागे, काखेत, पट्ट्याखाली जट घट्ट बसलेली. ती सुटण्यातली नसेल तर तिथे मशीनच हवं. आधी आंघोळ घालू नका, जट भिजली की आणखी आवळते. कात्रीही नको. कातडी जटीत ओढली गेलेली असते, मांजराची तर फार पातळ; कापलं काय ते रक्त आल्यावरच कळतं. अशा वेळी मालकाला आधीच सांगावं, आज रूप मिळणार नाही, आराम मिळेल.

मांजरांबद्दल एकच, पण जिवावरचं. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिनवालं गोचीड-पिसवांचं औषध मांजराला लावायचं नाही. मांजराच्या यकृताला ते नीट पचवता येत नाही. झटके येतात, जीवही जातो.

कायद्याचं थोडक्यात. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा 1960चा, पाळीव प्राण्यांच्या दुकानांचे नियम 2018चे. या शहरात पाळीव कुत्र्याची महापालिकेकडे नोंदणी सक्तीची आहे. कुत्र्याला बिल्ला लागतो, पण त्याच्या डोळ्याजवळ कात्री नेणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. लुधियानाचं गुरू अंगद देव पशुवैद्यकीय विद्यापीठ इथून शंभरेक किलोमीटरवर, आणि आपलं महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ, म्हणजे 'माफसू', नागपुरात. त्वचा, कान, नखं आणि प्रथमोपचार एवढ्यापुरता तरी अभ्यासक्रम आखून द्या, असं साकडं आपणच त्यांना घालायला हवं.

दुपारच्या सत्रात मी दोन ठराव मांडणार आहे. पहिला, गरम हवेचा ड्रायर लावून प्राण्याला पिंजऱ्यात एकटं सोडायचं नाही. पग, फ्रेंच बुलडॉग, पर्शियन ही चपट्या नाकाची मंडळी आधीच श्वासाला तोकडी, त्यांना ती हवा बघता बघता महागात पडते. दुसरा, प्राणी आवरत नाही म्हणून स्वतःच्या हाताने गुंगीचं औषध द्यायचं नाही. ते काम डॉक्टरांचं. गिऱ्हाईक जाईल, असा पहिला आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे. काही जातीलही. ज्यांना हे परवडणार नाही त्यांनी सत्रात उघडपणे बोलावं. त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवला आहे.