खाणीनंतरच्या भूमीचा हिशेब



भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी आहे. तेथील मँगनीज डायऑक्साइड कोरड्या बॅटऱ्यांसाठी वापरला जातो. पोलाद उद्योगाचे तर मँगनीजवाचून चालतच नाही. या पट्ट्यातील खाणकाम ब्रिटिश भांडवलाने उभे केले. १९६२ मध्ये मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड स्थापन झाली, तेव्हा केंद्र सरकार आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश ही दोन राज्ये यांच्याकडे मिळून ५१ टक्के मालकी आली. १९७७ मध्ये ब्रिटिश कंपनीचा उरलेला ४९ टक्के हिस्साही केंद्राने घेतला. २०१० मध्ये काही भाग बाजारात विकले गेले, तरी बहुसंख्य मालकी सरकारचीच राहिली. परंतु मालकी बदलली म्हणून हिशेबाची पद्धत आपोआप बदलत नाही, हे समाजवाद्यांनी विसरता कामा नये.

उघड्या खाणीत धातुकापर्यंत पोहोचण्यासाठी वरचे जंगल, माती आणि खडक हे सारे उपसावे लागते. हा उपसा ढिगाऱ्यांच्या रूपाने शेजारी रचला जातो. त्यात सेंद्रिय द्रव्य आणि नत्र नाममात्र असते, पाणी टिकत नाही, मुळांना आधार देणारे सूक्ष्म जीव नसतात. असा ढिगारा उघडा राहिला की पावसाळ्यात त्याचा गाळ उताराने खाली जातो. आणि भंडाऱ्यासारख्या तलावांच्या व धानाच्या जिल्ह्यात उताराखाली बोडी, तलाव आणि बांध्याच असतात. शेतकऱ्याचे हे नुकसान धातुकाच्या किमतीत कोठेही दिसत नाही. उत्पादकाने समाजावर लोटलेल्या अशा खर्चाची मीमांसा अर्थशास्त्रज्ञ कार्ल विल्यम कॅप यांनी १९५० मध्येच केली होती. त्यांनी खाजगी उद्योगाविषयी लिहिले. सार्वजनिक उद्योगही तोच ताळेबंद मांडू लागला, तर त्याच आरोपास पात्र ठरतो.

ही भूमी पुन्हा सजीव होणारच नाही, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही. शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील गुमगाव येथे मँगनीज खाणीच्या ढिगाऱ्यांवर नागपूरच्या ‘नीरी’ या राष्ट्रीय संस्थेने, डॉ. आशा जुवारकर यांच्या पुढाकाराने, गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत प्रयोग केला. साखर कारखान्यातील मळी ढिगाऱ्यात मिसळली. नत्र बांधून ठेवणारे जिवाणू आणि मुळांना अन्नद्रव्य पुरविणारी बुरशी रोपांना दिली. नापीक ढिगाऱ्यावर झाडे उभी राहिली. एका उद्योगाचा टाकाऊ पदार्थ दुसऱ्याने केलेली जखम भरून काढू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

मात्र झाडे उभी राहणे आणि जंगल परत येणे यांत अंतर आहे. एकाच जातीची भराभर वाढणारी झाडे रांगेत लावली की अहवालात हिरवा रंग भरतो. पण तेथे गुरांना गवत मिळत नाही आणि हरणालाही चारा मिळत नाही. तुमसरचे जंगल पेंच आणि नागझिरा यांच्या दरम्यानच्या पट्ट्यात येते. वन्य प्राण्यांना या वाटेवर गवत, पाणी आणि आडोसा हवा. गावाला मोह, तेंदू, चारोळी आणि बांबू हवा. म्हणून आधी ढिगाऱ्याचा उतार कमी करून पाणी अडवावे, मग मारवेल, पवन्या अशी स्थानिक गवते व शेंगावर्गीय वनस्पती रुजवाव्यात, आणि त्यांच्या आधाराने पळस, धावडा, ऐन, मोह यांचे मिश्र वन वाढवावे. जंगलाची आणि गावाची गरज येथे एकच आहे.

कायद्याचा आधारही आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी केंद्राला आदेश दिला की, खाणकाम संपल्यावर चारा, वनस्पती आणि प्राणी यांस योग्य अशी गवताळ भूमी परत करण्याची अट खाणपट्ट्यात घालावी, आणि त्याचा खर्च पट्टेदारानेच सोसावा. हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली. त्यांचा निधी खाणग्रस्त जनतेच्या हितासाठी आहे. तो पट्टेदाराच्या कर्तव्यावर खर्च होऊ लागला, तर गरिबाच्या खिशातून पट्टेदाराचे कर्ज फेडल्यासारखे होईल.

खाण बंद करा, असा याचा अर्थ नाही. तिच्यावर शेकडो कुटुंबांची चूल पेटते. मागणी एवढीच की, भूमी पूर्ववत करण्याचा खर्च धातुकाच्या उत्पादनखर्चात पहिल्या दिवसापासून धरला जावा. वरची माती वेगळी साठवली की नाही, याची नोंद ग्रामपंचायतीत सर्वांना पाहावयास मिळावी. चर, बांध आणि रोपवाटिकेचे काम परिसरातील मजुरांना पुऱ्या मजुरीने मिळावे. आणि भूमी खरोखर परत आली, हा दाखला केवळ अधिकाऱ्याने न देता ग्रामसभेने द्यावा. रोपे किती लावली हे मोजणे सोपे आहे. पाच पावसाळ्यांनंतर किती जगली आणि त्यांच्याखाली कोणाची गुरे चरली, हे गावालाच ठाऊक असते.

खनिज एकदाच निघते. भूमी मात्र पुढच्या प्रत्येक पिढीला लागते. ती त्यांची त्यांना परत देणे हे उपकार नव्हेत, ती कर्जफेड आहे.