आगीचे दार आणि हवेचा हक्क

(खराडी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



महागाई, बेकारी, कंत्राटी कामगार हे प्रश्न बाजूला ठेवून आज मी एका दारावर बोलणार आहे, याचे आपणांस आश्चर्य वाटेल. परंतु खराडीतल्या उंच कचेऱ्या, इस्पितळे, मंगल कार्यालये आणि अभ्यासिका यांच्या जिन्यांकडे उन्हाळ्यात एकदा लक्षपूर्वक पाहा. आगीच्या वेळी सुटका व्हावी म्हणून बसवलेला जाड दरवाजा वीट, कुंडी किंवा लाकडी पाचर लावून उघडा ठेवलेला पुष्कळ ठिकाणी आढळतो. कारण विचारावे तर उत्तर एकच मिळते: हवा येत नाही.

या दरवाजाची कामे दोन आहेत. माणसांना बाहेर जाऊ देणे हे पहिले. धुराला जिन्यात शिरू न देणे हे दुसरे. पहिले सर्वांना ठाऊक असते, दुसरे फार थोड्यांना. आगीतले पुष्कळसे बळी ज्वाळांनी नव्हे, तर धुराने गुदमरून जातात. तापलेला धूर वर चढतो आणि उघड्या दारांचा जिना त्याला धुराड्यासारखा उपयोगी पडतो. म्हणूनच हे दार आपोआप मिटणारे असावे लागते. काही उंच इमारतींत जिन्यातील हवेचा दाब पंख्याने वाढवून धूर बाहेर रोखण्याची व्यवस्था असते. दारे उघडी राहिली तर तो दाब टिकत नाही.

दाराला कुलूप घालणे हा गुन्हा आहे, हे आता समाजाला पटू लागले आहे. न्यू यॉर्कच्या ट्रँगल शिवण कारखान्यात 25 मार्च 1911 रोजी 146 कामगार मेले, त्यांत बहुतेक तरुण मुली होत्या. एका जिन्याचे दार मालकांनी कुलूपबंद ठेवले होते. दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहात 13 जून 1997 रोजी 59 प्रेक्षक गुदमरून गेले. बाल्कनीतून बाहेर पडण्याच्या वाटा अडलेल्या होत्या. आपल्या पुण्याच्या वेशीवर, उरुळी देवाची येथे, 9 मे 2019 च्या पहाटे कापडाच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले 5 कामगार दार बाहेरून बंद असल्यामुळे दगावले.

तथापि उघडे दारही तितकेच घातक ठरू शकते, ही गोष्ट अद्याप आपल्या अंगवळणी पडलेली नाही. 9 जानेवारी 2022 रोजी न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागातील 19 मजली इमारतीत एका घरात विजेच्या शेगडीने पेट घेतला. ज्वाळा त्या घरापलीकडे फारशा गेल्या नाहीत. परंतु त्या घराचे दार आणि वरच्या एका मजल्यावरील जिन्याचे दार मिटले नाही, धूर इमारतभर पसरला आणि 17 माणसे मेली. त्यांत 8 मुले होती. रहिवाशांत आफ्रिकेतून आलेली कष्टकरी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. इमारत पुरेशी ऊबदार नव्हती म्हणून शेगडी आली. आपल्याकडे इमारत पुरेशी हवेशीर नाही म्हणून पाचर येते. दोन्हीकडे इमारतीने जे द्यायला हवे होते ते दिले नाही, आणि त्याची किंमत आत राहणाऱ्यांनी व राबणाऱ्यांनी मोजली.

येथे अर्थशास्त्राचा संबंध येतो. खिडकी, मोकळा चौक, हवेचा झरोका यांना जागा लागते, आणि ती जागा विकता येत नाही. त्याऐवजी काचेची बंद भिंत उभारली आणि वातानुकूलन आतल्या दालनांपुरते ठेवले की खर्च वाचतो. वाचलेला पैसा बांधणाऱ्याच्या खिशात जातो. धोका मात्र त्याच्या हिशेबाच्या वहीत कोठेच दिसत नाही. तो इतरांच्या माथी मारला जातो. थंड दालनात बसणाऱ्याला दार उघडण्याची गरजच भासत नाही. जिन्यात, मार्गिकेत आणि तळघरात आठ-बारा तास काढणारे पहारेकरी व सफाई कामगार यांचा मात्र जीव घुसमटतो. पाचर तेच लावतात आणि दंडही त्यांच्याच पगारातून कापला जावा, ही व्यवस्थेची रीत आहे.

खराडी 1997 साली महापालिकेत आली. मुळा-मुठेच्या काठच्या शेतांवर तेव्हापासून काचेच्या इमारती झपाट्याने उठल्या. कायदा नाही म्हणून हे घडते, असे नव्हे. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने ही जबाबदारी मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे, पहारेकऱ्यावर नव्हे. यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र दर जानेवारीत व जुलैत सादर करावे लागते. परंतु तपासणीच्या दिवशी मिटलेले दार उरलेल्या दिवसांत कसे असते, हे कागद सांगत नाही. 1948 च्या कारखाने अधिनियमात खेळती हवा 13 व्या कलमात आणि आगीपासून संरक्षण 38 व्या कलमात होते. श्रमिकाला दोन्ही हवीत, एकासाठी दुसरे गहाण टाकता येणार नाही, हे त्या कायद्याने ओळखले होते.

तेव्हा आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. दार मिटलेलेच राहावे; आणि जेथे माणसे काम करतात तेथे खिडकी, झरोका वा पंखा यांची सोय मालकाच्या खर्चाने व्हावी. जेथे सतत ये-जा असल्यामुळे दार उघडे ठेवणे अपरिहार्य असेल, तेथे धोक्याची घंटा वाजताच ते सोडणारे विद्युतचुंबकीय साधन बसवावे. नुसती पाचर काढून नेणे ही सुधारणा नव्हे. दुसऱ्या दिवशी तेथे दुसरी पाचर येईल.

कार्यकर्त्यांनी जानेवारी आणि जुलै हे महिने आपल्या कामाच्या वहीत नोंदवावेत. आपापल्या वस्तीतील सार्वजनिक इमारतीचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावण्याचा आग्रह धरावा, आणि जिन्याचे दार उघडे दिसल्यास पहारेकऱ्याला दटावण्याआधी तो बसतो त्या जागी थोडा वेळ उभे राहून पाहावे. मग त्यालाच बरोबर घेऊन व्यवस्थापनाकडे जावे. दार का उघडे आहे हे त्याच्याइतके नेमके दुसरे कोणी सांगू शकणार नाही.