शब्दांना खुंटी हवी
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

कार्यक्रम संपला की एक प्रश्न हमखास येतो, "एवढं सगळं तोंडपाठ कसं राहतं हो?" विचारणाऱ्याला वाटतं, ही उपजत देणगी असणार. थोडीफार असेलही. पण तासभर पोवाडा गाणारा शाहीर, दिंडीत अभंग म्हणणारा वारकरी आणि मुशायऱ्यात गझल सादर करणारा शायर, या तिघांच्या पाठांतराच्या रीती वेगवेगळ्या असतात. रचनेची बांधणी ओळखली की ती कुठं धरून ठेवायची, तेही कळतं.

अभंग घ्या. मोठ्या अभंगात ६, ६, ६ आणि ४ अक्षरांचे चार चरण, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. शब्द निसटला तर अक्षरांचा हिशेब चुकतो, आणि जिभेच्या आधी टाळ धरलेला हात अडखळतो. शिवाय टाळकरी चरण परत म्हणतात. ऐकणाऱ्याला ती नुसती साथ वाटते. पण तेवढ्या वेळात म्हणणारा पुढचा चरण जिभेवर आणून ठेवतो. पोवाड्यात झीलकऱ्यांचा 'जी जी' हेच काम करतो. तिथं कथेचाही आधार असतो. तुळशीदासाचा तानाजीवरचा पोवाडा कितीही लांबलचक असला, तरी गड चढल्याशिवाय लढाई होत नाही. एक प्रसंग पुढच्याला हाताला धरून आणतो.

गझलेत ही सोय नाही. प्रत्येक शेर स्वतंत्र. तिसरा शेर पाचव्या जागी म्हटला तरी अर्थाला धक्का लागत नाही, आणि म्हणूनच मधला एखादा हळूच गळून पडतो. श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. कवीला लागतो तो घरी गेल्यावर! सुरुवातीचा मतला आणि अखेरचा मक्ता ही दोन टोकं पक्की असतात. मधल्यांसाठी मी काफियांची, म्हणजे यमकाच्या शब्दांची, माळ बोटांवर मोजून पाठ करतो. काफिया सापडला की शेर येतोच, कारण तो त्याच्याकडेच धावत असतो.

विसर पडतो तो बहुधा ओळीच्या मध्ये नाही, दोन कडव्यांच्या सांध्यावर. वेदपाठी मंडळींनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. क्रमपाठात पहिलं-दुसरं पद म्हणायचं, मग दुसरं-तिसरं, मग तिसरं-चौथं. प्रत्येक पद मागच्याशीही बांधलेलं आणि पुढच्याशीही. आपणही एका कडव्याचे शेवटचे दोन शब्द आणि पुढच्याचे पहिले दोन, एवढंच दहा वेळा म्हणून बघावं. आणि पाठ करताना शेवटचं कडवं आधी घ्यावं, मग त्याच्या अलीकडचं. एरवी काय होतं, पहिलं कडवं शंभरदा घोकलेलं आणि शेवटचं जेमतेम चारदा. म्हणजे गाणं जसजसं पुढं जातं तसतसा पाय घसरायला लागतो.

वही समोर धरून पुन्हापुन्हा वाचणं मात्र फसवं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे सरस ठरले. आठवड्यानं घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढं गेले. कार्यक्रम बहुधा पाच मिनिटांनी नसतो.

माझी आई जात्यावर बसली की ओवीमागून ओवी यायची. पुढं गावात गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. मी वही घेऊन बसलो, म्हटलं, "अम्मी, सांग." दोन ओव्या सांगून थांबली. "हात रिकामा हाय, वव्या कुठनं येतील?" शेवटी जातं पुढं ओढलं. तिनं खुंटा धरला, रिकामं जातं फिरवलं आणि त्या दुपारी वहीची आठ-नऊ पानं भरली. हेमा राईरकर, गी पॉइत्वाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव हिंडून लाखाच्या वर ओव्या जमवल्या, म्हणून तेवढ्या तरी उरल्या. बाकी किती, जात्यांबरोबर गेल्या.

गाणाऱ्यानं यातलं एवढं घ्यावं, की ज्या स्थितीत पाठ केलं तिला शब्द चिकटून बसतात. खुर्चीत बसून पक्की केलेली रचना माईकसमोर उभं राहिलं की परकी वाटते. म्हणून ती चालताना म्हणावी, उभ्यानं म्हणावी, भाजी निवडताना म्हणावी. चालीत म्हणावी आणि चाल सोडून नुसत्या ठेक्यावरही म्हणावी. तीनतालाच्या बंदिशीचा मुखडा बऱ्याचदा नवव्या मात्रेवरून, खालीवरून, उठतो. हातानं टाळी-खाली देत शब्द म्हटले तर कुठला शब्द समेवर येतो ते तळहातालाच ठाऊक होतं. सूर चुकला तरी हात जागा दाखवतो.

आता बरेचजण मंचावर समोर टॅब्लेट ठेवतात. माझी तक्रार नाही. पन्नाशी उलटल्यावर तर नाहीच. पण नजर पडद्यावर खिळली की मागच्या झीलकऱ्याकडे बघणं थांबतं. मुरलेला झीलकरी शाहिराच्या मानेवरून, श्वासावरून ओळखतो की पुढचा शब्द येत नाहीये. मग तो झील लांबवतो, डफ एक आवर्तन जास्त वाजतो, ध्रुवपद पुन्हा उचललं जातं. तेवढ्यात शब्द सापडतो. समोरच्यांना वाटतं, आज मंडळी भलतीच रंगात आलीत.