गावाला ग्रामसभा, शहराला काय?

(प्रौढ साक्षरता वर्गातील भाषण)



बाजाराला, दवाखान्याला, कोर्टकचेरीला आपण नगरला जातो. नगर म्हणजे पूर्वीचे अहमदनगर, आताचे अहिल्यानगर. तेथे गटार तुंबलेले दिसते. रस्ता उखडलेला दिसतो. आपण म्हणतो, "इथला महापौर झोपलाय काय?" पण महापौराच्या हातात काय आहे नि काय नाही, हे आपण कधी पाहिले आहे का? ते एका पुस्तकात लिहिलेले आहे. त्या पुस्तकाविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

नगरला नगरपालिका झाली १८५४ साली. पुढे जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, तिची महापालिका झाली. महापालिकेचा कारभार ज्या कायद्याने चालतो तो १९४९ सालचा. तो मुळात पुणे आणि अहमदाबाद या शहरांसाठी केला होता. म्हणजे अंगरखा शिवला पुण्याच्या मापाने, आणि अंगात घातला नगरने. कुठे सैल, कुठे घट्ट व्हायचाच. मधून मधून ठिगळे लावली, हे खरे. पण माप पुन्हा कोणी घेतले नाही.

त्या कायद्यात काय आहे? नगरसेवकांना लोक मते देतात. नगरसेवक महापौर निवडतात. त्याची मुदत अडीच वर्षे. महापौर सभा चालवतो. कामे करून घेण्याचा मुख्य अधिकार मात्र आयुक्ताकडे असतो. आयुक्ताला राज्य सरकार नेमते. ज्याला आपण मत दिले त्याच्या हाती दोरी थोडी. ज्याच्या हाती दोरी, त्याला आपण मत दिलेले नाही. हे बरे की वाईट? दोन्ही बाजूंनी बोलता येईल. चांगला अधिकारी आला तर कामे झटपट होतात. पण हे असे असावे का, हे नगरच्या लोकांना कोणी विचारले नाही. आमचे म्हणणे तेवढेच आहे.

आणखी एक पाहा. दर पाच वर्षांनी, मुदत संपायच्या आत निवडणूक झाली पाहिजे, असे आपली राज्यघटना सांगते. नगरच्या महापालिकेची मुदत २०२३ च्या डिसेंबरात संपली. निवडणूक काही वेळेवर झाली नाही. तेव्हा नगरसेवकच नव्हते, आणि कारभार प्रशासकाच्या हाती होता. नळाला पाणी आले नाही तर बाईने कोणाच्या दारी जायचे होते?

तुम्ही म्हणाल, "आम्ही खेड्यातली माणसं. शहराचं आम्हाला काय?"

असे म्हणू नका. शहर वाढत असते. आज केडगाव महापालिकेच्या हद्दीत आहे. उद्या तुमचेही गाव जाईल. गाव शहरात गेले की ग्रामपंचायत जाते, आणि ग्रामसभाही जाते. ग्रामसभा म्हणजे केवढी मोठी गोष्ट! गावातला प्रत्येक मतदार तिचा सभासद. वर्षातून निदान चार सभा झाल्याच पाहिजेत. बायकांची सभा आधी वेगळी. तेथे म्हातारी आजीसुद्धा उठून विचारू शकते, "सरपंच, त्या पैशांचं काय केलं?" शहरात असे विचारायला जागाच नाही. २००९ साली शहरांसाठी क्षेत्रसभा कायद्यात घातली खरी. पण ती ग्रामसभेसारखी रुजली नाही.

आणि गावाचे तरी काय? सरपंच लोकांनी थेट निवडावा, असा कायदा २०१७ साली झाला. २०२० साली तो रद्द झाला. २०२२ साली पुन्हा आला. सरकार बदलले की सरपंच निवडायची रीत बदलली. पाच वर्षांत तीनदा! थेट सरपंच चांगला की सदस्यांनी निवडलेला, यावर पारावर खूप वाद झाले. पण कायदा करणाऱ्यांनी पारावर येऊन काही ते ऐकले नाहीत.

मग उपाय काय? काही देशांत एक रीत आहे. अमेरिकेत पोर्टलंड नावाचे शहर आहे. तेथे शहराच्या कारभाराची सनद असते. दर दहा वर्षांनी तरी नागरिकांची एक समिती बसवायची, ती सनद पहिल्यापासून वाचायची, आणि काय बदलायचे ते सांगायचे, असा त्या सनदेतच नियम आहे. अलीकडच्या समितीत वीस माणसे होती. जुन्या रीतीने महापौर आणि चारच सभासद सगळे शहर चालवत. एकाकडे पाणी, दुसऱ्याकडे रस्ते. समितीने सांगितले, सभासद बारा करा, शहराचे चार भाग करा, प्रत्येक भागातून तिघे घ्या. हे २०२२ साली मतदानाला टाकले. लोकांनी होकार दिला. मग २०२४ साली नव्या रीतीने निवडणूक झाली.

आपल्याकडे शहराला स्वतःची सनद लिहिता येत नाही. कायदा विधानसभा आणि विधान परिषद करतात. त्यामुळे आपल्या समितीला कायदा बदलता येणार नाही. वाचता येईल, विचारता येईल, लिहून देता येईल.

असे बसणे आपल्या जिल्ह्याला अगदीच नवे नाही. पारनेर तालुक्यातल्या राळेगण सिद्धीचे अण्णा हजारे २०११ साली दिल्लीत उपोषणाला बसले. तेव्हा लोकपाल कायद्याचा मसुदा करायला दहा जणांची समिती झाली. पाच मंत्री, पाच लोकांच्या बाजूचे. सरकारबरोबर एका टेबलाशी बसून लोकांनी कायदा लिहायचा, ही गोष्ट मोठीच होती. पण एकमत झाले नाही. दोन वेगळे मसुदे निघाले. आणि त्या दहांत एकही बाई नव्हती! लोकांचे पाच कोण, हे लोकांना कोणी विचारलेही नव्हते. नगरची समिती करताना हे ध्यानात ठेवावे लागेल.

हिवरे बाजार तर येथून जवळच. ते गाव पावसाचे मोजमाप करते. ग्रामसभेत पाण्याचा हिशोब मांडते. त्यावरून यंदा कोणते पीक घ्यायचे ते ठरते. उसासारखे पाणी पिणारे पीक नको, शेतीला बोअरचे पाणी नको, असे नियम गावाने स्वतः केले. पाऊस कमी असला की हात आखडता घ्यायचा, हेही ग्रामसभेतच ठरते. नियम एकदा करून फळीवर ठेवून द्यायचा नसतो, हे त्या गावाला समजले आहे.

तर नगरची समिती कशी असावी? वकील हवाच, नाहीतर कायद्याची भाषा कळायची कशी? पण वकील, पेन्शनर आणि कंत्राटदार एवढेच जमले तर तो नुसता चहाचा कार्यक्रम होईल. बाजार समितीतला हमाल हवा. विडी वळणारी बाई हवी. झोपडपट्टीतला माणूस हवा. कडेच्या गावांतले दोघे हवेत, कारण उद्या हद्द वाढली तर भोगायचे त्यांनाच आहे. सभा संध्याकाळी घ्याव्या. दिवसा घेतल्या तर हमालाची मजुरी बुडते, आणि मग तो येतच नाही. कागद मराठीत असावे, मोठ्या अक्षरात असावे. आणि समितीने प्रभागात फिरावे. लोकांनी तिच्याकडे यावे अशी वाट पाहू नये.

तिच्यापुढे प्रश्न तीन-चारच असावेत. आयुक्ताला जाब कोणी विचारायचा? निवडणूक लांबली तर मधल्या काळात लोकांचे गाऱ्हाणे कोण ऐकणार? क्षेत्रसभा रुजली का नाही? गाव शहरात घेताना आधी त्या गावच्या ग्रामसभेला विचारायचे की नाही? उत्तरे लिहून आमदारांना द्यायची, आणि त्यांनी विधानसभेत काय केले ते सहा महिन्यांनी विचारायचे.

आपल्या वर्गाला मात्र एवढे थांबायचे कारण नाही. ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा पुढच्या शनिवारी आम्ही घेऊन येतो. सातव्या कलमात ग्रामसभेविषयी लिहिले आहे. सभेला किती माणसे लागतात? मतदारांच्या शेकडा पंधरा किंवा शंभर, यातला जो आकडा लहान तो. आपल्या गावच्या मागच्या सभेला किती होती, हे ग्रामपंचायतीच्या वहीत असते. एकाने जाऊन ती वही पाहावी, आणि आकडा पाटीवर लिहून आणावा.