आपल्या विहिरीतील पाण्याचा हिशेब

(नाशिक येथील इंदिरानगरात भरलेल्या शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



आज आपण जिथे जमलो आहोत ते इंदिरानगर आता शहरात गेले आहे. परंतु वडाळा-पाथर्डीकडच्या वयस्कर मंडळींना या भागातील मळे आणि विहिरी नक्कीच आठवत असतील. इथून जवळच त्रिरश्मी डोंगरात पांडवलेणी आहेत. आपण सर्वांनी ती कधी ना कधी पाहिली आहेत. पुढच्या वेळी गेलात तर मूर्तींबरोबर तिथल्या कातळात कोरलेली पाण्याची टाकीही जरा निरखून पाहा. सुमारे १९०० वर्षांपूर्वीच्या उषवदाताच्या शिलालेखात लेण्याबरोबर या टाक्यांचाही उल्लेख आहे. त्यांना तिथे 'पोढी' म्हटले आहे.

ही टाकी पाणी का धरतात? कारण तिथला खडक एकसंध आहे. त्यातून पाणी गळत नाही. आता हीच गोष्ट उलट बाजूने पाहा. ज्या कातळातले टाके गळत नाही, त्या कातळात बोअर घेतला तर त्याला पाणी कुठून लागणार? आजच्या विषयाचे मर्म एवढेच आहे. बाकी सारा तपशील आहे, पण तो पैशाचा तपशील आहे, म्हणून सांगतो.

महाराष्ट्राचा सुमारे ८१ टक्के भाग बेसॉल्ट म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा दुसरा थर आला. कसारा घाटातून पावसाळ्यात जाताना कड्याकडे नीट पाहा. पाणी सगळ्या कड्यातून पाझरत नाही, ठराविक आडव्या रेषांतून पाझरते. त्या रेषा म्हणजे दोन थरांमधील सांधे. काही ठिकाणी तिथे गेरूसारखा तांबडा, चिकट थर दिसतो. तो पाण्याला खाली जाऊ देत नाही, म्हणून पाणी त्याच्यावरून बाजूला निघते.

लाव्ह्याच्या प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र असतो. आपले विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. खालचा भाग घट्ट, काळा. मांजऱ्यात पाणी असते हे खरे, पण नेहमीच नाही. पुष्कळदा त्याची छिद्रे पांढऱ्या, हिरवट खनिजांनी भरून गेलेली असतात. पांडवलेणी परिसरातील खाणींतून निघालेले झिओलाइटचे सुंदर स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत गेले आहेत. संग्राहकाला त्यात सौंदर्य दिसते. आपल्याला त्यात बुजलेली छिद्रे दिसली पाहिजेत. जिथे गारगोटी भरली तिथे पाण्याला जागा उरली नाही.

थोडक्यात, वरची माती, त्याखालील मुरूम, मग फुटका व सांधेदार खडक, एवढीच आपली खरी पाण्याची कोठी. तिची खोली साधारण विहिरीच्या खोलीएवढी. त्याखाली पाणी मिळते ते एखाद्या भेगेत किंवा दोन थरांच्या सांध्यात. जमिनीच्या पोटात नदी वाहते असे आपल्याकडे पाणाडे सांगत आले आहेत. मी पुष्कळ वर्षे सर्वेक्षणाच्या कामात काढली. आपल्या काळ्या पाषाणात मला अशी नदी कुठे भेटली नाही.

पण मी पाणाड्यांना हसत नाही, कारण माझी फजिती त्यांच्याहून कमी नाही. नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. सिन्नर तालुक्यातील आमच्या नात्यातल्या एका शेतकऱ्याने डाळिंबासाठी बोअरची जागा दाखवायला बोलावले. मी यंत्राने जमिनीचा विद्युतरोध मोजला आणि खूण करून दिली. १८० फुटांपर्यंत नुसती कोरडी भुकटी उडाली. मी म्हटले, थांबू या. ते म्हणाले, "भाऊ, आता एवढा खर्च झालाच आहे, अजून थोडं जाऊ." मी नाही म्हणायला हवे होते, म्हटले नाही. ३२० फुटांवर पाणी उसळले. गावाने नारळ फोडला. मोटार, केबल, पाइप सगळे उधारीवर आले. अकराव्या दिवशी मोटार हवा ओढू लागली. ते एका बंद भेगेत साठलेले जुने पाणी होते. उपसले, संपले. तिच्यात पावसाचे पाणी उतरायला वाटच नव्हती. त्यांनी पुढे आणखी दोन बोअर घेतले, दोन्ही कोरडे. ते कर्ज फेडता फेडता बाग गेली. ते मला कधी काही बोलले नाहीत, पण त्या गावात जाताना अजूनही माझे पाय जड होतात.

बोअरला पाणी लागणे वेगळे आणि ते टिकणे वेगळे. सहा इंची बोअरमध्ये १०० फूट पाणी उभे असले, तरी त्यात भरते अवघे साडेपाचशे लिटर. वीस फूट व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी असेल तर ते सुमारे २९ हजार लिटर होते. बोअर म्हणजे कोठी नव्हे, कोठीला लावलेली नळी. कोठी मोठी असेल तरच नळीचा उपयोग.

आता कोठीचे माप काढू. भूजलाचा अंदाज घेण्यासाठी शासनाने ठरवलेल्या पद्धतीत बेसॉल्टमधून निथळून मिळणारे पाणी खडकाच्या आकारमानाच्या साधारण २ टक्के धरतात. नदीकाठच्या वाळूमिश्रित गाळात हेच प्रमाण १६ टक्क्यांपर्यंत जाते. तापीकाठच्या पाहुण्यांचे बोअर पाहून आपण आपल्या रानात बोअर घेऊ नये, ते याचसाठी. समजा, तुमच्या एक हेक्टर म्हणजे अडीच एकर रानाखालची पाण्याची पातळी दिवाळीपासून मेपर्यंत ५ मीटर उतरली. पन्नास हजार घनमीटर खडक कोरडा झाला. त्यातून पाणी किती मिळाले? २ टक्क्यांप्रमाणे १ हजार घनमीटर, म्हणजे १० लाख लिटर. आकडा मोठा वाटतो. तेच पाणी त्या हेक्टरवर पसरले तर १० सेंटिमीटर भरते. वाफ्यात पाणी देऊन काढलेल्या रब्बी कांद्याला लागते सुमारे ५० सेंटिमीटर.

पाऊस किती भर घालतो तेही पाहू. नाशिक शहराच्या आसपास वर्षाला ७०० मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडतो. इगतपुरीत तो तीन हजारांच्या वर आणि सिन्नरच्या पूर्व भागात ५०० च्या आसपास, हे आपण जाणताच. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये त्यातील ७ टक्के मुरतो असे धरतात, सच्छिद्र व सांधेदार असेल तर १३ टक्के. आपण मध्यावरचा १० धरू. हेक्टरी ७०० घनमीटर झाले. कांद्याला उपसले ५ हजार घनमीटर. त्यातील चौथा हिस्सा परत मुरतो असे उदार मनाने धरले तरी ३,७५० खर्ची पडले. म्हणजे एक हेक्टर कांदा पाच हेक्टरांहून अधिक रानावर मुरलेले पाणी पितो. उरलेली चार हेक्टर कोणाची? भावाची, शेजाऱ्याची, गावाच्या पिण्याच्या विहिरीची. ठिबकने हा आकडा खाली येतो. परंतु ठिबक बसवून वाचलेल्या पाण्यावर लागवड वाढवली, तर खात्यात शिल्लक शून्यच राहते. असे आपल्याकडे सर्रास झाले आहे.

प्लॅस्टिकच्या शेततळ्याचेही तसेच. पावसाचे वाहून जाणारे पाणी त्यात धरले तर उत्तमच. पण बोअरचे पाणी उपसून तळे भरणे म्हणजे सावलीतले धान्य उन्हात ओतणे. ३० बाय ३० मीटरच्या तळ्यातून उन्हाळ्यात दिवसाला ७ मिलिमीटर जरी उडाले तरी सहा हजार लिटरहून अधिक पाणी रोज आकाशात जाते. द्राक्षबागायतदारांना हे बोलणे आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

कोणी म्हणेल, गोदावरीला एवढे पूर येतात, ते पाणी कुठे जाते? १९६९, २००८, २०१६ या सालांचे पूर नाशिककर विसरलेले नाहीत. दुतोंड्या मारुतीच्या कितव्या अंगापर्यंत पाणी आले यावरून शहर पुराचे माप घेते. जलसंपदा विभाग तेच काम नदीवरील मोजमापाच्या ठिकाणी पट्टीने करतो, आणि त्यावरून निळ्या व लाल पूररेषा आखल्या जातात. पण पूर काही तासांत निघून जातो; मुरायला महिने लागतात. शिवाय त्या वेळी मुरूम आधीच तुडुंब असतो. उलट पावसाळा सरला की आपल्या खडकातले पाणी हळूहळू ओढ्यात, नासर्डीत, गोदावरीत उतरते. हिवाळ्यात ओढा वाहतो तो याच पाण्यावर. ओढा लवकर आटू लागला तर समजावे, वरच्या रानांचा उपसा वाढला.

हे सर्व आकडे टेबलावर बसून तयार झालेले नाहीत. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा उभी राहिली. तिने राज्याचे दीड हजारांवर लहान पाणलोट पाडले आणि निरीक्षण विहिरी ठरवल्या. आज त्या सुमारे ३,९०० आहेत. ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा त्यांची पातळी मोजतात. ऑक्टोबरची पातळी मागील पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून पुढे कोणत्या गावांना टंचाई येईल याचा अंदाज करतात. १९९५ पासून जलविज्ञान प्रकल्पात या मोजणीला जोड मिळाली. २०२० पासून अटल भूजल योजनेत नाशिकसह तेरा जिल्ह्यांतील निवडक गावांनी आपला पाण्याचा ताळेबंदही मांडला.

तरी पण ३,९०० विहिरी म्हणजे कित्येक गावांमागे एक. तुमच्या बांधावरचा खडक त्यात येईलच असे नाही. म्हणून तुमची विहीर तुम्हीच मोजा. कठड्यावर रंगाने एक खूण करा. टेपला वजन बांधा, शेवटच्या हातभर भागाला खडू फासा आणि सोडा. ओला झालेला खडू पातळी दाखवतो. मोटार रात्रभर बंद ठेवून पहाटे मोजावे, नाहीतर उपशाची पातळी मिळेल. तीच खूण, तेच चार महिने. शेजारी पावसाचा आकडा लिहा. तीन वर्षांची वही झाली की ऑक्टोबरमध्येच दिसते, यंदा कांदा दोन एकर की एक, आणि गहू की हरभरा. रोप टाकण्याआधी हे ठरवायचे असते. फेब्रुवारीत कळून उपयोग नाही, तेव्हा माणूस बोअरची गाडीच बोलावतो.

मघाशी एका बंधूंनी चिठ्ठी पाठवली आहे: "शेजाऱ्याने माझ्या विहिरीजवळ खोल बोअर घेतला, तेव्हापासून माझी विहीर आटते. काय करावे?" खोल बोअर पुष्कळदा वरच्या मुरमातले पाणीही खाली ओढून नेतो, विशेषतः वरच्या भागात केसिंग कमी घातले असेल तर. तेव्हा तुमची शंका रास्त असू शकते. २००९ चा महाराष्ट्र भूजल अधिनियम २०१४ पासून अंमलात आहे. त्यात ६० मीटर, म्हणजे सुमारे २०० फुटांपेक्षा खोल विहिरींवर निर्बंध आहेत, आणि पिण्याच्या सार्वजनिक उद्भवाला संरक्षण आहे. पण तक्रार घेऊन जाताना पातळी कधी, किती उतरली हे दाखवावे लागेल. तुमच्याकडे वही नसेल, तर आज संध्याकाळी मोटार बंद ठेवा आणि उद्या पहाटे पहिला आकडा लिहा. शेजाऱ्यालाही मोजायला बोलवा. त्याची विहीर त्याच कोठीवर आहे.